'डोक्यात हवा गेलीय' म्हणायच्या आधी: एनबीए सुपरस्टारची बातमी कशी वाचायची

मे २०१९ मध्ये मी आमच्या बास्केटबॉलच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या बास्केटबॉल लीगच्या, केव्हिन ड्युरांट या सुपरस्टारबद्दल एक मेसेज टाकला होता. ८ मेला ह्यूस्टनविरुद्ध त्याची पोटरी दुखावली आणि तो बाहेर बसला, त्यानंतर त्याची टीम गोल्डन स्टेट वॉरियर्स त्याच्याशिवाय जिंकतच सुटली, ह्यूस्टनला घरी पाठवलं, पोर्टलँडला ४-० ने धुतलं, आणि टीव्हीवर रोज एकच चर्चा की ही टीम ड्युरांट नसतानाच जास्त चांगली खेळते का, आणि हा खरंच जखमी आहे का मुद्दाम बसलाय. मी पण ठोकून दिलं की दुखतंय वगैरे काही नाही, रुसलाय तो, इगो दुखावलाय. मग आली ११ जूनची सकाळ, तिकडे १० जूनची रात्र, टोरंटोत फायनलची पाचवी मॅच. तो उतरला, बारा मिनिटं खेळला, ११ पॉइंट केले, आणि दुसऱ्या क्वार्टरमध्ये त्याच पायाची अकिलीस, म्हणजे टाचेच्या मागची जाड, दोरीसारखी कंडरा, तुटली. टोरंटोच्या गर्दीत काही लोकांनी तर तो पडल्यावर टाळ्या वाजवल्या. मॅचनंतर वॉरियर्सचा जनरल मॅनेजर (टीममध्ये कोणाला घ्यायचं, कोणाला सोडायचं ते ठरवणारा) बॉब मायर्स रडत सांगत होता की दोष द्यायचाच असेल तर मला द्या. ड्युरांट पुढचा अख्खा सीझन खेळू शकला नाही.

माझा मेसेज त्याने वाचला नव्हता हे उघड आहे. पण महिनाभर जो आवाज चालला होता त्यात माझाही आवाज होता, आणि मला ना त्याच्या पोटरीबद्दल काही माहीत होतं ना त्याच्या मनाबद्दल. तेव्हापासून मी सुपरस्टारच्या इगोची कुठलीही बातमी आली की काही गोष्टी तपासते, मगच बोलते. ग्रुपमधल्या नवीन पोरांना हे तुकड्यातुकड्यात सांगत असते, म्हटलं एकदा सगळं सलग लिहून ठेवावं.

आधी इगो कशाला म्हणायचं ते ठरवा

आपल्याकडे इगो म्हटलं की लगेच वाईटच. पण विचार करा, वीस हजार लोक ओरडतायत, तुमचे सलग सात शॉट चुकलेत, आणि तरी तुम्हाला वाटतं की आठवा पण मीच मारणार आणि तो जाणार, हे वाटायला डोक्यात काहीतरी वेगळं लागतं ना. २२ जानेवारी २००६ ला लेकर्स हाफटाइमला टोरंटोच्या १४ ने मागे होते. लेकर्सच्या कोबी ब्रायंटने त्या मॅचमध्ये ४६ शॉट मारले. ८१ पॉइंट केले आणि मॅच जिंकून दिली. हेच ४६ शॉट मारून टीम हरली असती तर दुसऱ्या दिवशी 'स्वार्थी कोबी' अशा हेडलाइन लागल्या असत्या, आणि त्या काळात त्या लागायच्याच.

म्हणून मी दोन कप्पे करते. एक, कोर्टवरचा इगो, म्हणजे बॉल मला द्या. तो त्या नोकरीचा भागच आहे, त्यावर नैतिक भाषणं देऊ नये, फक्त बास्केटबॉल म्हणून बरोबर का चूक ते बोलावं. दुसरा, माणसांशी वागतानाचा इगो, टीममेटला तोडून बोलणं, कोचला मोजायचं नाही, दुसऱ्याच्या यशाचा त्रास होणं. यावर बोलायला हरकत नाही, पण त्यासाठी पुरावा पाहिजे, आणि बहुतेक वेळा आपल्याकडे पुरावा म्हणून असते ती बारा सेकंदांची क्लिप.

कोबी आणि लेकर्समधला त्याचा टीममेट शॅक, म्हणजे शॅकिल ओ'नील, यांचंच बघा. २०००, २००१, २००२ असे तीन टायटल सलग, आणि २००४ ला पिस्टन्सकडून फायनल ४-१ हरले, त्याच उन्हाळ्यात शॅकला मायामीला पाठवून दिलं. इथे इगो खरा होता, दोघांनी एकमेकांबद्दल पत्रकारांसमोर उघड बोलून ठेवलं होतं, कोबीने शॅकच्या फिटनेसवर, शॅकने 'ही टीम कोणाची' यावर. म्हणजे मीडियाने काही बनवलं नव्हतं. पण मीडियाने ते विझूही दिलं नाही. एकाकडे जायचं, दुसरा काय म्हणाला ते सांगायचं, उत्तर घ्यायचं, परत पहिल्याकडे. दोन भावांच्या भांडणात शेजारी जसे घिरट्या घालतात तसं. नंतर शॅक २००६ ला मायामीत जिंकला, कोबी २००९ आणि २०१० ला लेकर्सकडून, आणि पुढे दोघंही बोलले की आपण अजून बरंच जिंकलो असतो.

प्रश्न काय होता ते शोधा, नुसतं उत्तर बघू नका

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, बाकी काही नाही केलं तरी एवढं करा.

ॲलन आयव्हरसनची ७ मे २००२ ची प्रेस कॉन्फरन्स तुम्ही पाहिलीच असेल, नसेल तर रील म्हणून तरी समोर आली असेल. 'प्रॅक्टिस' हा शब्द तो वीसपेक्षा जास्त वेळा बोलतो, आपण प्रॅक्टिसबद्दल बोलतोय, मॅचबद्दल नाही, प्रॅक्टिसबद्दल. लोक हसतात. वीस वर्षं झाली तरी कोणी सराव टाळला की हीच क्लिप टाकतात, आणि निष्कर्ष ठरलेला की बघा, केवढा माज, मेहनत नको, फक्त स्टार व्हायचंय.

आता पूर्ण व्हिडिओ काढा. हा माणूस सहा फुटाचा, आदल्या वर्षी एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम प्लेअर, एकट्याच्या जिवावर फिलाडेल्फियाला फायनलपर्यंत घेऊन गेलेला. त्या वर्षी प्लेऑफच्या, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांच्या, पहिल्याच राउंडला बॉस्टनकडून हरलेत. कोच लॅरी ब्राउनने त्याच्या सराव चुकवण्याबद्दल जाहीर बोलून झालंय, त्याला ट्रेड करणार, म्हणजे अदलाबदलीत दुसऱ्या टीमला देणार, अशा बातम्या सुटल्यात. आणि सातेक महिन्यांपूर्वी, ऑक्टोबर २००१ ला, त्याच्या जिगरी दोस्ताला गोळी घालून मारलंय. हे तो त्याच प्रेस कॉन्फरन्समध्ये सांगतो, की माझा सगळ्यात जवळचा मित्र गेला, हा सीझन गेला, माझ्या आयुष्यात सगळं खाली चाललंय, आणि तुम्ही मला प्रॅक्टिस विचारताय. म्हणजे ते उत्तर गुर्मीतून आलेलं नाही, कातावून आलेलंय. सराव तो खरंच चुकवायचा, ते बरोबर नव्हतंच, कोचचा राग पण खोटा नव्हता. पण क्लिपमध्ये जो माणूस दिसतो आणि पूर्ण व्हिडिओत जो दिसतो, ते दोन वेगळे लोक आहेत. मला ती क्लिप आता बघवत नाही.

उलटं उदाहरण पण घ्या म्हणजे तोल कळेल. २६ एप्रिल २०२३, मिलवॉकी बक्स. लीगमधला सगळ्यात चांगला रेकॉर्ड, ५८ विजय, आणि आठव्या नंबरच्या मायामीकडून पहिल्याच राउंडमध्ये ४-१ हरले. एका पत्रकाराने यानिस अँटेटोकुंपोला विचारलं की हा सीझन तुम्ही अपयश मानता का. यानिसने विचारलं, तुला दरवर्षी नोकरीत प्रमोशन मिळतं का, नाही ना, मग तुझं दर वर्ष अपयश का? मायकल जॉर्डन १५ वर्षं खेळला, सहा टायटल जिंकला, मग बाकीची नऊ वर्षं फुकट गेली का? अप्रतिम उत्तर होतं, मी स्वतः दहा जणांना फॉरवर्ड केलं. पण लगेच काय झालं, लोक त्या पत्रकारावर तुटून पडले, काय मूर्ख प्रश्न, लाज वाटत नाही का वगैरे. अरे, प्रश्न रास्त होता! ५८ मॅच जिंकून पहिल्या राउंडला बाहेर, हे नाही विचारायचं तर काय विचारायचं? आणि तो प्रश्न विचारला म्हणूनच ते उत्तर मिळालं. यानिसने पण बोलताना म्हटलं होतं की मला हे वैयक्तिक करायचं नाहीये. क्लिपमध्ये हे कोणाला ऐकायचं नव्हतं.

अजून एक लक्षात ठेवा, स्टार मंडळी माइकसमोर हौसेने बसत नाहीत, तो लीगचा नियम आहे. डिसेंबर २०२० ला कायरी अर्विंगने सीझनच्या सुरुवातीला मीडियाशी बोलायला नकार दिला तर त्याला आणि ब्रुकलिन नेट्सला प्रत्येकी २५ हजार डॉलर दंड झाला. म्हणजे माणूस हरून आलाय, अंगाला घाम आहे, कदाचित घरी काही बिनसलंय, आणि त्याला त्याच क्षणी पन्नास लोकांसमोर बसून विचारलं जातं की शेवटचा शॉट का चुकला. आपल्यातल्या कितीजणांना ऑफिसमधून वैतागून निघताना गेटवर कोणी कॅमेरा लावला तर चालेल? मी पत्रकारांना दोष देत नाहीये, ते त्यांचं काम आहे. पण तिथे जो चेहरा दिसतो त्यावरून माणसाचा स्वभाव ठरवू नका.

'सूत्रांनी सांगितलं' दिसलं की थांबा

रविवार, २ फेब्रुवारी २०२५. इथे सकाळ होती, एनबीएच्या खबरी देणारा मोठा पत्रकार शॅम्स शॅरानिया याचं ट्वीट आलं की डॅलसने लुका डॉन्चिचला लेकर्सला दिलं, बदल्यात लेकर्सचा स्टार अँथनी डेव्हिस. आधी सगळ्यांना वाटलं अकाउंट हॅक झालंय. पंचवीस वर्षांचा पोरगा, सलग पाच वर्षं ऑल-एनबीए फर्स्ट टीममध्ये, म्हणजे लीगच्या त्या वर्षीच्या सर्वोत्तम पाचांत, आठ महिन्यांपूर्वी डॅलसला फायनलला नेलेला, आणि तो विकला? आणि मग तासाभरात, दोन दिवसात, बातम्यांची रांग लागली. लुकाचं वजन. लुकाचा फिटनेस. लुकाची शिस्त. सगळं 'सूत्रांकडून'.

आता अशा वेळी कागद घ्या, खरंच घ्या, आणि लिहा की ही बातमी बाहेर आल्याने कोणाचा फायदा होतो. लुकाचा? शून्य. लेकर्सचा? नाही. फायदा त्याचा ज्याला शहराला उत्तर द्यायचंय की तुम्ही आमचा लाडका का दिला. त्यात पैशाचाही धागा होता, डॅलसमध्येच राहिला असता तर त्या उन्हाळ्यात त्याला पाच वर्षांचा सुमारे ३४.५ कोटी डॉलरचा सुपरमॅक्स, म्हणजे सगळ्यात मोठ्या पगाराचा, करार मिळू शकत होता, आणि ट्रेड झाल्याने तो हक्क गेला. म्हणजे फिटनेसची बातमी साफ खोटी असेल असं मी म्हणत नाही, लुका काही योगी नाही, ते दिसतंच. पण ती त्याच दिवशी का आली, आणि त्याच्या आधी चार-पाच वर्षं तोच पोटाचा घेर घेऊन तो ३०-३० पॉइंट मारत होता तेव्हा ती 'गंमत' म्हणून का यायची, हे विचारायला पाहिजे. ९ एप्रिलला तो लेकर्सच्या जर्सीत डॅलसला परत आला, मॅचआधी त्याचा जुना व्हिडिओ लावला तर बाकावर बसून ढसाढसा रडला, आणि मग ४५ पॉइंट मारले. ट्रेड करणारा जनरल मॅनेजर निको हॅरिसन याला नोव्हेंबर २०२५ मध्ये काढून टाकलं, तोपर्यंत त्याला हाकला अशा घोषणा डॅलसच्या स्टेडियममध्ये रोजच्या झाल्या होत्या.

सूत्र म्हणजे भूत नाही हो, हाडामासाचा माणूस असतो, एजंट असतो, टीमच्या ऑफिसातला कोणी असतो, कधी असिस्टंट कोच, कधी दुसऱ्या प्लेअरचा मॅनेजर. प्रत्येकाचा काहीतरी हेतू असतो. खबर देणारे मोठे पत्रकार खोटं लिहीत नाहीत, पण त्यांना उद्या परत त्याच माणसाकडून खबर घ्यायची असते, त्यामुळे कोणाची बाजू मऊ लिहिली जाते ते बघत चला. आणि तारीख बघा. फेब्रुवारीच्या ट्रेड डेडलाइनच्या (ट्रेड करायच्या शेवटच्या तारखेच्या) आधीचे तीन आठवडे आणि जूनच्या शेवटी फ्री एजन्सी (करार संपलेले प्लेअर नवी टीम निवडतात तो काळ) उघडायच्या आसपासचे दिवस, या काळात 'अमुक नाराज आहे' ची बातमी आली की ती बातमी कमी आणि बोलणी जास्त असतात.

जिंकला असता तर हेच बोललो असतो का?

ही माझी आवडती परीक्षा आहे.

१९९५ ला शिकागो बुल्सच्या सरावात मायकल जॉर्डनने त्याचा टीममेट स्टीव्ह कर याला तोंडावर ठोसा मारला. कर स्वतः ही गोष्ट किती वेळा सांगून झालाय. आज ती कशी सांगितली जाते? जॉर्डनची जिद्द बघा, टीममेटकडून किती अपेक्षा ठेवायचा, त्यानंतर दोघांचं नातं सुधारलं. आता ऑक्टोबर २०२२. वॉरियर्सच्या सरावात ड्रेमंड ग्रीनने जॉर्डन पूलला ठोसा मारला. फरक एकच, याचा व्हिडिओ बाहेर फुटला. पूर्ण जगाने स्लो मोशनमध्ये बघितला. ग्रीन गुंड ठरला, टीम फुटली अशा चर्चा वर्षभर चालल्या, पुढच्या उन्हाळ्यात पूलला ट्रेड केलं. आणि त्या टीमचा कोच कोण? स्टीव्ह कर. ज्याने स्वतः सत्तावीस वर्षांपूर्वी तोच मार खाल्ला होता.

माझं मत विचाराल तर दोन्ही ठोसे वाईटच. टीममेटला मारणं हे नेतृत्व नाही. पण एकाला 'जिद्द' आणि दुसऱ्याला 'माज' म्हणायचं असेल तर आधी स्वतःला विचारा की आपण कृतीवर बोलतोय का टायटलच्या संख्येवर, आणि कॅमेरा होता का नव्हता यावर. २०२० च्या लॉकडाउनमध्ये जॉर्डनच्या बुल्सवरची दहा भागांची डॉक्युमेंटरी आली ना, त्यात ठोशाचा किस्सा पण आहे, पण त्या डॉक्युमेंटरीच्या निर्मात्यांत जॉर्डनची स्वतःची माणसं होती. मला ती प्रचंड आवडली. पण स्वतःच्या माणसांनी सांगितलेली गोष्ट स्वतःच्या बाजूची असणार, एवढं ध्यानात ठेवून बघायची.

लेब्रॉन जेम्सचं तर काय सांगू. ८ जुलै २०१०, त्याने टीव्हीवर लाइव्ह कार्यक्रम करून सांगितलं की मी क्लीव्हलँड सोडून मायामीला जातोय. जवळपास एक कोटी लोकांनी बघितलं, निर्णय सांगायला अर्धा तास लावला, आणि सात वर्षं ज्या गावाने डोक्यावर घेतलं त्या गावाला टीव्हीवरून कळलं. लोकांनी जर्सी जाळल्या. क्लीव्हलँडचा मालक डॅन गिल्बर्ट याने रागाच्या भरात जाहीर पत्र लिहिलं की लेब्रॉनच्या आधी आमची टीम टायटल जिंकेल ही माझी गॅरंटी, आणि लीगने गिल्बर्टला एक लाख डॉलर दंड केला. त्या कार्यक्रमातून मुलांच्या संस्थेला २५ लाख डॉलर गेले आणि लेब्रॉन आणि मायामीतले त्याचे साथीदार ड्वेन वेड, क्रिस बॉश अशा तिघांनी एकत्र खेळायला कमी पैसे घेतले, हे फार कोणी बोललं नाही.

कार्यक्रम चूकच होता. गावाला आधी फोन करून सांगायला पाहिजे होतं. पण टीम सोडणं चूक नव्हतं, करार संपला होता त्याचा. हे दोन वेगळं करता आलं पाहिजे. चार वर्षांनी, जुलै २०१४ ला, तोच माणूस मायामी सोडून क्लीव्हलँडला परत आला, यावेळी एका मासिकात शांत लेख लिहून, आणि तोच गिल्बर्ट, तेच गाव, सगळे खूश. २०१६ ला फायनलमध्ये ३-१ ने मागे असताना ७३ मॅच जिंकलेल्या वॉरियर्सना हरवलं आणि गावाला ५२ वर्षांनी कुठल्यातरी मोठ्या खेळाचं टायटल मिळालं. इगो तेवढाच होता दोन्ही वेळी, मला तर वाटतं दुसऱ्या वेळी जास्त होता, 'माझ्या गावाला मीच टायटल आणणार' हा काय छोटा इगो आहे का? पण तो गावाच्या बाजूने होता.

आणि हो, लेब्रॉनची मी आंधळी भक्त नाही. २०११ ची फायनल डॅलसकडून हरल्यावर तो म्हणाला होता की जे माझ्या हरण्याची वाट बघत होते त्यांना उद्या उठून परत आपल्या त्याच आयुष्यात, त्याच अडचणींत जायचंय. हे पूर्ण व्हिडिओत पण तितकंच कडू लागतं, मी तीनदा बघितलंय. इथे टीका झाली ती योग्य झाली.

गप्प आणि साध्या स्टारलाही त्याच मापाने मोजा

सर्बियाचा निकोला योकिच २०२३ ला डेन्व्हरकडून टायटल जिंकला आणि म्हणाला काम झालं, आता घरी जाऊ. सगळ्यांना केवढं कौतुक, इगोच नाही म्हणे याला. मला पण तो फार आवडतो. पण याच योकिचने नोव्हेंबर २०२१ ला मायामीच्या मार्किफ मॉरिसला पाठीमागून असा धक्का मारला होता की मॉरिस कित्येक महिने खेळू शकला नाही, आणि योकिचला एक मॅच बंदी झाली. मॉरिसने आधी फाउल जोरात केला होता हे खरं, तरी पाठीमागून. एखाद्या बडबड्या स्टारने हे केलं असतं तर आजही रोज ऐकावं लागलं असतं. प्रेस कॉन्फरन्सला कंटाळलेला चेहरा आणि दोन शब्दांची उत्तरं दिली की माणूस नम्र ठरतो, आणि भरभरून बोलणारा गर्विष्ठ ठरतो, हा मापदंड मला कधीच पटला नाही.

आतून काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही

हा भाग वाचताना घाई करू नका.

५ नोव्हेंबर २०१७ ला क्लीव्हलँडच्या केव्हिन लव्हला अटलांटाविरुद्ध चालू मॅचमध्ये पॅनिक अटॅक आला. तो मैदान सोडून आत गेला, कोणाला कळेना काय झालं. जानेवारी २०१८ ला परत एका मॅचमधून तब्येतीच्या कारणाने लवकर गेला, तेव्हा टीमच्या मीटिंगमध्ये सहकाऱ्यांनीच त्याला जाब विचारला आणि ती मीटिंग मीडियात फुटली. लोकांनी काय काय लिहिलं तेव्हा, नाजूक आहे, जबाबदारी टाळतो. फेब्रुवारीत टोरंटोच्या डीमार डीरोझनने डिप्रेशनबद्दल एक ओळीचं ट्वीट केलं. मग मार्चमध्ये लव्हने सगळं स्वतः लिहिलं, पॅनिक अटॅकसकट, आणि लिहिताना सांगितलं की डीरोझनमुळे धीर आला. त्यानंतर लीगने प्रत्येक टीमला मानसिक आरोग्याचे तज्ज्ञ ठेवायला लावले.

म्हणून स्टार मॅचमधून उठून गेला, बोलला नाही, चिडला, तर कारण कळेपर्यंत दोन-तीन दिवस गप्प बसणं हा सगळ्यात सोपा उपाय आहे. बहुतेक वेळा तेवढ्यात खरं काय ते बाहेर येतं. न आलं तरी आपलं काही बिघडत नाही.

मीडिया कधी बरोबर असतो

हे नाही लिहिलं तर वाटेल मी सगळा दोष पत्रकारांना देतेय. तसं नाही. ऑक्टोबर २०२२ ला कायरीने ज्यूंविरुद्ध विखारी खोटं पसरवणाऱ्या एका फिल्मची लिंक टाकली. पत्रकारांनी सलग विचारलं, त्याने सरळ माफी मागायला टाळाटाळ केली, नेट्सने त्याला सस्पेंड केलं, आणि मग माफी आली. ते प्रश्न विचारायलाच पाहिजे होते. कोट्यवधी पोरं ज्याला बघतात त्याने काय पसरवलं हे विचारणं म्हणजे छळ नाही. फीनिक्स सन्सचा मालक रॉबर्ट सार्व्हर याच्या ऑफिसमधल्या वर्णद्वेषी आणि बायकांशी घाणेरड्या वागण्याबद्दल २०२१ ला एका पत्रकाराने लांबलचक शोधबातमी केली, लीगने चौकशी केली, २०२२ ला एक वर्षाची बंदी आणि एक कोटी डॉलर दंड, मग त्याला टीम विकावी लागली. माझ्या मते खरी पत्रकारिता ही. ती मालकांच्या इगोवर होते तेव्हा कमी वाचली जाते आणि लेब्रॉनने कोणाकडे तिरकं बघितलं यावर सकाळचे दोन तास जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सकाळचे ते वादावादीचे कार्यक्रम बघायचे तर बघा, मी पण चहा पिताना लावते कधी. फक्त तिथे बसलेल्या माणसाचं काम दोन तास भांडण जिवंत ठेवणं आहे, तो रोज 'माहीत नाही, वाट बघू' म्हणाला तर त्याची नोकरी जाईल. आणि प्लेअरचं स्वतःचं पॉडकास्ट लावलं तर तिथे त्याला अडचणीचा प्रश्न विचारणारं कोणी नसतं. दोन्ही ऐका, दोन्हीतला अर्धा भाग सोडा.

रोज सकाळी करायचं काय

मॅच आपल्याकडे पहाटे साडेपाच-सहापासून सुरू होतात, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या आठ-साडेआठला. तुम्ही ऑफिसला लोकलमध्ये असता तेव्हा क्लिपा यायला लागतात, आणि त्या नेमक्या सगळ्यात कच्च्या असतात. माझी पद्धत अशी की लोकलमध्ये फक्त स्कोअर आणि हायलाइट बघायचे, वाक्यं नाही. दुपारी जेवताना यूट्यूबवर टीमच्या किंवा लीगच्या चॅनेलवर पूर्ण प्रेस कॉन्फरन्स आलेली असते, दहा-बारा मिनिटांची असते, ती दीडपट स्पीडवर ऐकायची. इंग्लिश कळायला जड गेलं तर सबटायटल लावा, लाजू नका, सर्बिया-ग्रीस-स्लोव्हेनियाच्या प्लेअरची उच्चारपद्धत मला पण जड जाते. मग बातमी वाचायची. हा क्रम उलटा केला की बातमीचाच चष्मा लागतो आणि मग व्हिडिओत तेच दिसतं.

कोट फॉरवर्ड करायच्या आधी अकाउंटचं नाव अक्षर न् अक्षर वाचा. 'एनबीए सेंट्रल' सारखं दिसणारं 'एनबीए सेंटेल' नावाचं विडंबन अकाउंट आहे, तिथले बनावट कोट मोठमोठ्या लोकांनी खरे समजून शेअर केलेत. फोटोवर कोट छापलेला असेल आणि खाली कुठे, कधी बोलला ते नसेल, तर तो कोट नाहीच असं धरून चाला. आणि प्लेअरला टॅग करून शिव्या देऊ नका, ते वाचतात. ड्युरांट तर सगळं वाचतो, २०१७ ला दुसऱ्या अकाउंटवरून स्वतःची बाजू मांडायला गेला आणि चुकून स्वतःच्याच अकाउंटवरून लिहून बसला, तेव्हा जगाला कळलं की त्याला ते किती लागतं. लोक हसले होते. मीही हसले होते, आणि पुढे पावणेदोन वर्षांनी तो पोटरीचा मेसेज मी त्याच माणसाबद्दल लिहिला.

ग्रुपवर कोणी 'याच्या डोक्यात हवा गेलीय' लिहिलं तर मी हल्ली वाद घालत नाही, फक्त पूर्ण व्हिडिओची लिंक आणि किती मिनिटाला तो प्रश्न आहे ते टाकते. चौघातला एक उघडून बघतो.